चित्रं उजव्या हाताला

पुण्यात चित्रप्रदर्शन म्हटलं की लोक आधी बालगंधर्वचं नाव घेतात, मग घोले रस्त्यावरच्या राजा रविवर्मा कलादालनाचं, मग कोथरूडच्या यशवंतराव चव्हाणचं. आमच्या भागातल्या कलादालनाचं नाव कुणीच घेत नाही. पत्ता सांगतानासुद्धा ‘भाजी मंडईच्या वर’ असंच सांगावं लागतं. तळमजल्यावर मंडई, पहिल्या मजल्यावर कला आणि दुसऱ्या मजल्यावर मिळकतकर भरायची खिडकी, अशी त्या इमारतीची एकूण मांडणी आहे.

जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसलेल्या वॉचमनमामांना दिवसभर एकच प्रश्न विचारला जातो, “मामा, स्वच्छतागृह कुठंय?” मामा पेपरातून मान वर न काढता सांगतात, “डाव्या हाताला. चित्रं उजव्या हाताला.” हे दुसरं वाक्य बोलायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. पण या कलादालनाला आजवर जे प्रेक्षक मिळाले, त्यातले निम्मे तरी त्या वाक्याने मिळवून दिले असतील. उरलेले निम्मे कराने दिले. सवलतीची मुदत संपत आली की वरच्या मजल्यावरची रांग जिना उतरून खाली येते आणि उकाड्याने हैराण होऊन हळूच उजवीकडे वळते. त्या आठवड्यात ज्याचं प्रदर्शन असेल तो चित्रकार भाग्यवान. एका निसर्गचित्रकाराने पुढच्या वर्षीचं बुकिंग करताना मुहूर्त विचारला नाही, सुट्ट्या विचारल्या नाहीत. कर भरायची शेवटची तारीख तेवढी विचारून घेतली.

चित्रं बघायची म्हणून घरातून निघालेला माणूस आमच्या कलादालनाने फारसा पाहिलेला नाही. आणि तरीही तिथं चित्रं बघितली जातात. यात कलेचा अपमान वगैरे काही नाही, आपल्याकडची ही जुनी रीत आहे. सातारा जिल्ह्यात औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली आपलं संग्रहालय उभं केलं ते यमाईच्या डोंगरावर. राजेसाहेब स्वतः चित्रकार, त्यामुळे प्रेक्षक कुठून येतो हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. माणसं येतात देवीला, ओटी भरतात आणि उतरता उतरता राजा रविवर्मा बघून जातात. हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पही तिथंच आहे. ते बघायला एरवी परदेशी जावं लागतं, इथं नारळ फोडला की झालं. आपल्या बालगंधर्व रंगमंदिराचंही तेच. १९६८ पासून तिथं नाटकं चालली आहेत. गोपाळराव देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं तिथं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. ती जितक्या लोकांनी पाहिली तितके लोक पुण्यातल्या कुठल्याही प्रदर्शनाला आले नसतील, आणि त्यातला एकही जण चित्र बघायला म्हणून आला नव्हता. तिसऱ्या घंटेपर्यंत काय करायचं, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

मुंबईच्या जहांगीर कलादालनाचं प्रकरण निराळं. ते १९५२ सालापासून काळ्या घोड्यापाशी दिमाखात उभं आहे. तिथं दालन मिळायला इतकी वर्षं थांबावं लागतं की अर्जावरच्या फोटोतला माणूस आणि उद्घाटनाला उभा असलेला माणूस एकच आहे हे ओळखपत्र बघूनच पटतं. पण जहांगीरलासुद्धा चित्रं न बघणाऱ्यांची सोय करावी लागलीच. १९६४ पासून २०१५ पर्यंत तिथं समोवार नावाचं कॅफे होतं, आणि ‘आम्ही जहांगीरला पडीक असायचो’ असं सांगणारे बरेचसे लोक प्रत्यक्षात समोवारमध्ये पडीक असायचे. आमच्याकडे समोवारच्या जागी समोरची टपरी आहे. कलेवरची सगळी गंभीर चर्चा तिथंच होते, कारण चित्रकार स्वतः वर अडकलेला असतो.

उद्घाटनाची वेळ पाचची, म्हणजे सहाची. चित्रकार सकाळपासून शिडीवर असतो. ‘भिंतींवर खिळे ठोकू नयेत’ अशी पाटी चार खिळे ठोकून लावलेली असल्यामुळे चित्रं छताजवळच्या लोखंडी पट्टीवरून नायलॉनच्या दोरीने सोडावी लागतात. दोरीवरचं चित्र जन्मात सरळ राहत नाही. खालून एक मित्र म्हणतो, “डावीकडून किंचित वर घे.” घेतलं की दुसरा मित्र म्हणतो, “आता उजवीकडून गेलं.” तासाभराने चित्र मूळ जागी येतं आणि फरशीलाच उतार आहे यावर सर्वांचं एकमत होतं.

मग दीपप्रज्वलन. समईच्या वाती पाच, व्यासपीठावरचे मान्यवर पाच, काडेपेटी एक आणि पंखे चालू. दुसरी वात पेटवेपर्यंत पहिली विझते. “अरे, पंखा बंद करा!” अशी हाक उठते. स्विचबोर्डावर कशाचं बटण कुठलं हे फक्त मामांना माहीत आणि मामा हार आणायला खाली गेलेले. त्यामुळे आधी दिवे जातात, मग माइक जातो आणि सगळ्यांत शेवटी पंखा जातो. फीत कापायची कात्री चित्रकाराच्या बायकोच्या शिवणाच्या डब्यातली. ती सॅटिनच्या फितीवरून नुसती घसरते. पाहुणे कॅमेऱ्याकडे बघून हसत राहतात आणि खाली हात फितीशी झटत राहतात. शेवटी मागून कुणीतरी गाठ सोडतं आणि टाळ्या होतात.

प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले की पहिलं वाक्य ठरलेलं, “खरं सांगायचं तर मला चित्रकलेतलं काही कळत नाही.” इथं थांबता येतं. पण पाहुणे त्या विधानाच्या पुष्ट्यर्थ पाऊण तास बोलतात. त्यात शाळेतले चित्रकलेचे मास्तर येतात, मास्तरांची पट्टी येते आणि एलिमेंट्रीला मिळालेली बी ग्रेड येते. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गात एलिमेंट्री आणि इंटरमिजिएटच्या वाटेला न गेलेला माणूस सापडणं अवघड. चित्रकलेशी आपला जो काही संबंध आला तो तेवढ्यापुरता. तांब्या, वांगं आणि मागे उगाच सोडलेला पडदा. हल्ली इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत सात गुण जादा मिळतात. त्यामुळे घरोघरी कलेची जाण चांगलीच वाढली आहे. ती दहावीचा निकाल लागेपर्यंत टिकते.

पाहुण्यांच्या भाषणानंतर चहापान आणि चहापानानंतर निम्मा हॉल रिकामा. खाण्यात तेलकट काही ठेवायचं नाही असा चित्रकाराचा आग्रह असतो, कारण बटाटेवड्याचा हात कॅनव्हासला लागला की तो डाग चित्राचाच भाग होऊन बसतो. म्हणून वेफर्स आणि काजूकतली. तरीही ‘टेक्श्चर बघतो’ म्हणून चित्राला बोट लावणारा एक जण प्रत्येक प्रदर्शनाला येतोच. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नाही. काजूकतलीच्या ताटापाशीही शेवटी तोच असतो.

चित्रं मात्र मनापासून काढलेली असतात, हे आधी सांगून टाकतो. विषय ठरलेले. पागोटं घातलेला सुरकुतलेला म्हातारा, पावसातली तुळशीबाग, दिंडी, एका रेषेतला गणपती आणि मेणवलीचा घाट. पुण्यात जलरंगाला हात घातलेल्या प्रत्येकाने वाईला जाऊन मेणवलीच्या घाटावर एकदा तरी घडीची खुर्ची टाकलेली आहे. आमच्या कलादालनात हा घाट इतक्यांदा लागला आहे की मामांना त्याच्या पायऱ्या पाठ आहेत. ते वाईला कधी गेलेले नाहीत. एका चित्रात दोन पायऱ्या कमी निघाल्या तेव्हा ते त्यांच्याच लक्षात आलं. चित्रकार म्हणाला, “मामा, ते कॉम्पोझिशनसाठी.” मामा म्हणाले, “असू द्या, पण बायामाणसांनी पाण्यापर्यंत उतरायचं कसं?”

प्रेक्षकाची चित्र बघण्याची पद्धत अशी: आधी चित्राखालचं लेबल, मग चित्र, मग पुन्हा लेबल. लेबलवर ‘कागदावर जलरंग, २२ × ३० इंच’ असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली किंमत. किंमत वाचून झाली की माणूस एक पाऊल मागे सरकतो. लांबून बघताना पाहून चित्रकाराला वाटतं, हा रसिक दिसतो. खऱ्या गिऱ्हाइकाचे प्रश्न वेगळे असतात. “फ्रेमसकट का?” “काच कुठली?” “आमचा सोफा मरून आहे, यात मरून कुठे आहे का?” एका जोडप्याला पाषाणचा तलाव मनापासून आवडला होता. नवरा तर पाकिटापर्यंत पोचलाही होता. तेवढ्यात बाईंनी विचारलं, “यात सात घोडे टाकता येतील का हो? वास्तूवाल्यांनी सांगितलंय. फक्त ते घरात येताना दिसले पाहिजेत, बाहेर जाताना नकोत.” चित्रकार तलावाकडे बघत राहिला. तीन दिवसांचं भाडं, फ्रेमवाल्याचं बिल, काजूकतली. “टाकता येतील,” तो म्हणाला, “पण पाण्यातून येताना दिसतील.”

विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल टिपका लावायची जगभर पद्धत आहे. आमच्याकडे तो टिपका म्हणजे खरीखुरी टिकली असते. घरच्याच पाकिटातली, मधल्या आकाराची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत एकही टिकली लागली नाही की चित्रकाराचा मेहुणा पुढे होतो. मेहुणा पैसे कधी देत नाही आणि चित्र कधी नेत नाही, पण टिकली राहते, आणि टिकली दिसली की लोकांचे पाय थबकतात. दुसऱ्याने घेतलेली वस्तू आपल्याला एकदम चांगली दिसायला लागते, हे साडीच्या दुकानातलं सत्य इथंही लागू आहे. एका प्रदर्शनात नेमकं मेहुण्याचंच चित्र हवं असलेलं गिऱ्हाईक आलं. “हेच हवं होतं हो,” म्हणून हळहळलं. दुसरी तशीच दोन दाखवली, तर नको म्हणालं. मेहुणा तिथंच होता. त्याने मोठ्या मनाने हक्क सोडला आणि संध्याकाळी दहा टक्के मागितले.

अमूर्त चित्रांचं प्रदर्शन लागलं की मात्र कराच्या रांगेतली माणसंही जिन्यातच थांबतात. एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक काका धीर करून आत आले, एक फेरी मारली आणि चित्रकाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “हे तर माझा नातूपण काढेल.” कुणीतरी त्यांना वासुदेव गायतोंड्यांविषयी सांगितलं. नागपूरला जन्मलेला, जे. जे.त शिकलेला हा माणूस अशीच चित्रं काढत मुकाट्याने जगला, आणि तो गेल्यावर २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्याच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख मिळाले. काकांनी आकडा पुन्हा विचारून घेतला, खिशातला चष्मा काढला, परत पहिल्या चित्रापासून सुरुवात केली आणि यावेळी प्रत्येकापुढे व्यवस्थित थांबले. त्याच्या पुढच्या सोमवारपासून नातवाला क्लास लावला.

अमूर्तातली दुसरी अडचण म्हणजे वर कुठलं आणि खाली कुठलं. यात लाजण्यासारखं काही नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९६१ साली मातीसचं एक होडीचं चित्र तब्बल ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. तज्ज्ञ आले, गेले, रोज माणसं समोरून गेली. शेवटी ते ध्यानात आलं एका शेअरदलाल बाईंच्या. आमच्याकडे चूक इतके दिवस टिकूच शकत नाही, कारण प्रदर्शन तीनच दिवसांचं असतं.

या सगळ्याला पुरून उरते ती रांगोळी. दिवाळीच्या आगेमागे कलादालनात व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा मंडईतले गाळेवालेसुद्धा दुकान पोराच्या ताब्यात देऊन वर येतात. या रांगोळ्या रात्रभर जागून काढतात. फरशीवर खडूने चौकटी आखायच्या, आडव्या फळीवर पालथं पडायचं आणि लेक कलर मिसळलेली बारीक रांगोळी चिमटीतून सोडत जायची. गालावरची सावली चहाच्या गाळणीने चाळून टाकतात. डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यांत शेवटी, आणि तो टाकताना आजूबाजूचे सगळे श्वास धरून बसतात. लांबून बघितलं तर फोटो आणि वाकून बघितलं तर नुसती पूड. या पुडीचा सगळ्यांत मोठा शत्रू वारा. त्यामुळे पंखे बंद, खिडक्या बंद, आत दीडेकशे माणसं आणि बाहेर ऑक्टोबर. ‘कृपया शिंकू नये’ अशी पाटी मी जगात फक्त इथंच पाहिली आहे. एका आजोबांना नेमकी पंडित भीमसेन जोशींसमोर शिंक आली. ते नाक दाबून, दोर ओलांडून, माणसांना बाजूला सारत जिन्यापर्यंत धावले आणि तिथं मोकळे झाले. आतून टाळ्या वाजल्या. भाषणालासुद्धा इतक्या मनापासून वाजत नाहीत.

एका वर्षी पहाटे मंडईतलं मांजर खिडकीतून आलं आणि लता मंगेशकरांच्या पदरावरून चालत गेलं. सकाळी सगळे डोक्याला हात लावून बसले. रांगोळी काढणारी मुलगी जेमतेम विशीतली. तिने त्या पावलांकडे जरा वेळ बघितलं, सोनेरी रंग काढला आणि प्रत्येक पावलाची बुट्टी केली. दिवसभर येणारी प्रत्येक बाई खाली वाकून हेच म्हणत होती, “बुट्टी काय सुरेख आलीय!” या कलादालनात पाहिलेल्या कुठल्याही चित्रापेक्षा मला तो पदर जास्त लक्षात आहे.

रविवारी रात्री आठ वाजता रांगोळ्या झाडतात. ते बघायला सर्वांत जास्त गर्दी असते. काढणारेच कुंचा घेऊन येतात, एकमेकांचं धाडस होईपर्यंत थांबतात आणि मग कुणीतरी एक जण सुरुवात करतं. सगळे रंग एक होऊन राखाडी पूड उरते. ती पिशवीत भरून ठेवतात, पुढच्या वर्षी पार्श्वभूमीला लागते.

अधूनमधून प्रात्यक्षिकंही होतात. वासुदेव कामतांसारखा चित्रकार समोर व्यक्तिचित्र रंगवत असतो तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येते म्हणतात. आमच्याकडे टाचण्या पडत नाहीत, मोबाइल वाजतात. एकदा मॉडेल म्हणून बसणारे गृहस्थ आलेच नाहीत, तेव्हा मामांना बसवलं. मामा दोन तास तसूभर हलले नाहीत. चित्रकार म्हणाला, इतकं स्थिर मॉडेल उभ्या आयुष्यात मिळालं नाही. मागच्या रांगेतून सूचना चालूच होत्या. “नाक मोठं झालं.” “मिशी अजून यायचीय, थांबा.” चित्र झालं, हुबेहूब झालं. मामांच्या सौभाग्यवती शेवटी पुढे आल्या, आळीपाळीने दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आहेत तसेच काढले होय? मग दोन तास केलं काय?” त्या दिवशी स्टुलावर कुणीच नसल्यामुळे बाहेरची सगळी माणसं डावीकडेच गेली, हे वेगळं.

राहता राहिली अभिप्रायाची वही. टेबलावर फुलदाणी, शेजारी वही आणि दोरीने बांधलेलं पेन. पहिल्या पानावर पाहुण्यांचा लफ्फेदार शेरा, त्यानंतर सरसकट ‘अप्रतिम!’ पुढची दहा पानं ‘अप्रतिम’च असतात, फक्त उद्गारचिन्हं वाढत जातात. दुसरे चित्रकार लिहितात ते ‘प्रयत्न स्तुत्य आहे’, आणि तो शब्द वाचून चित्रकाराला रात्रभर झोप येत नाही. एका गृहस्थाने लिहिलं होतं, ‘चित्रे पाहून मन प्रसन्न झाले. पार्किंगची सोय व्हावी.’ विम्याच्या एजंटने नुसतं नाव आणि फोन नंबर लिहिला होता. कुणी स्वतःची चारोळी, कुणी शाळेतल्या हजेरीपुरती सही. एका लहान मुलाने अख्ख्या पानभर हत्ती काढला होता आणि खाली किंमत टाकली होती, दहा रुपये. चित्रकाराने ते दहा रुपये टेबलावर ठेवले आणि हत्तीखाली टिकली लावली. त्या प्रदर्शनातली मेहुण्याची सोडून ती एकुलती एक विक्री.

चित्रकार तिन्ही दिवस त्या टेबलामागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून असतो. त्याला चहासाठी उठायची भीती वाटते, कारण नेमकं तेवढ्यात कुणीतरी येऊन जाईल. आपण त्याची चित्रं बघत असतो आणि तो आपले पाय बघत असतो, कुठे थांबतात म्हणून. म्हणून मंडईत आलात तर एक मजला चढा. सकाळी दहा ते रात्री आठ उघडं असतं आणि प्रवेश फुकट आहे. मेथीची जुडी ओली असेल तर पिशवी मामांकडे ठेवा, ते हरकत घेत नाहीत. एखाद्या तरी चित्रापुढे लेबल न वाचता उभे राहा, मग खुशाल किंमत विचारा, विचारण्याचे पैसे पडत नाहीत. आणि वहीत ‘अप्रतिम’ सोडून काहीही लिहा, पण वाचता येईल असं लिहा. रात्री घरी गेल्यावर तो माणूस ती वही पहिल्या पानापासून वाचतो.